वाचकांचे प्रश्न : टर्मिनलवर एकच कमांड पुन्हा पुन्हा चालवून लक्ष कसे ठेवावे?

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच गरजेतून लिहिलेली आहेत. संगणकावर काहीतरी घडत असते, ते कुठवर आले आहे हे कळायला हवे असते, आणि त्यासाठी वाचक तीच कमांड पुन्हा पुन्हा टंकत बसतात. म्हणून या अंकात इतर विषय बाजूला ठेवून फक्त याच प्रश्नांना उत्तरे देत आहोत. सदराच्या पद्धतीप्रमाणे कमांड देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीतील छोट्या अक्षरांत टंकाव्यात आणि अंकही रोमनच वापरावेत. जिथे मोठे अक्षर आवश्यक आहे तिथे तसे स्वतंत्रपणे सांगितले आहे.

प्रश्न : लालबागमध्ये आमचा लहान छापखाना आहे आणि आमच्या संगणकांवर उबुंटू आहे. ग्राहकांच्या मोठ्या पीडीएफ फाइली पेनड्राइव्हवर उतरवताना मी टर्मिनलवर ‘डीएफ -एच’ देतो आणि मग वरचा बाण व एंटर दाबत राहतो. हे आपोआप होण्याची काही सोय आहे का? शिवाय कॉपी पूर्ण झाल्याचे दिसल्यावर पेनड्राइव्ह काढला, तरी कधी कधी दुसऱ्या संगणकावर फाइल अर्धवट निघते. हे आधी कशावरून ओळखावे?

उत्तर : आपल्याला हवी ती सोय ‘वॉच’ या कमांडमध्ये आहे आणि ती आपल्या उबुंटूवर बहुधा आधीपासूनच असेल, कारण ‘टॉप’, ‘फ्री’, ‘व्हीएमस्टॅट’ या नेहमीच्या कमांड ज्या पॅकेजमधून येतात त्याच प्रॉक्प्समध्ये तीही आहे. टोनी रेम्स यांनी तिचे मूळ रूप १९९१ मध्ये लिहिले आणि माइक कोलमन यांनी १९९९ मध्ये तिची नव्याने बांधणी करून तिच्यात भर घातली. वापरायला ती अतिशय सोपी आहे. आपल्या नेहमीच्या कमांडच्या आधी तिचे नाव लिहायचे, एवढेच :

वॉच डीएफ -एच

यानंतर स्क्रीन स्वच्छ होते, ‘डीएफ’चे आउटपुट वरच्या बाजूला दिसते आणि दर २ सेकंदांनी ते नव्याने घेतले जाते. पहिल्या ओळीत डावीकडे किती सेकंदांनी कोणती कमांड चालते आहे हे दिसते, तर उजवीकडे संगणकाचे नाव आणि वेळ दिसते. ही वेळ पाहण्याची सवय लावून घ्यावी. आकडे बराच काळ हलले नाहीत, तर काम थांबले आहे की पाहणेच थांबले आहे, हे त्या वेळेवरून कळते. २ सेकंदांऐवजी ५ सेकंद हवे असल्यास ‘वॉच -एन ५ डीएफ -एच’ असे लिहावे. मागच्या वेळेपेक्षा काय बदलले ते ठळक दिसायला हवे असल्यास ‘-डी’ जोडावे. बाहेर पडण्यासाठी कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबाव्यात. त्याने फक्त पाहणे थांबते. दुसऱ्या खिडकीत चाललेल्या कॉपीला काहीही होत नाही.

‘-डी’बद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वॉच मागची स्क्रीन आणि नवी स्क्रीन जागच्या जागी, अक्षराला अक्षर लावून ताडून पाहते. मजकुराचा अर्थ तिला कळत नाही. त्यामुळे यादीच्या सुरुवातीला एक नवी ओळ आली की खालच्या सगळ्या ओळी एक जागा सरकतात आणि प्रत्यक्षात एकच गोष्ट बदललेली असूनही जवळजवळ सगळी स्क्रीन ठळक होते. ‘डीएफ’सारख्या ठरलेल्या ओळींच्या आउटपुटाला ‘-डी’ उत्तम शोभते. सतत वरखाली होणाऱ्या याद्यांना ते तितकेसे उपयोगी पडत नाही.

आता अर्धवट फाइलींचा भाग. आपल्या व्यवसायात तो अधिक महत्त्वाचा आहे, कारण इथे ग्राहकाचे काम अडते. लिनक्स एखादी फाइल पेनड्राइव्हवर लिहिताना ती आधी मेमरीत घेते, कॉपी करणाऱ्या प्रोग्रामला ‘झाले’ असे सांगते, आणि नंतर सवडीने ती संथ पेनड्राइव्हवर उतरवते. म्हणजे ‘डीएफ’ जागा भरल्याचे दाखवत असताना खरा मजकूर अजून मेमरीतच असू शकतो. यासाठी ‘डीएफ’ऐवजी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतः जिथे ही माहिती देते तिथेच पाहावे :

वॉच -एन १ -डी ग्रेप -ई डर्टी: -ई राइटबॅक: /प्रॉक/मेमइन्फो

यात ‘डर्टी’चा डी आणि ‘राइटबॅक’चा डब्ल्यू ही अक्षरे मोठी हवीत, तसेच दोन्ही शब्दांनंतरचा विसर्गासारखा दिसणारा अपूर्णविराम गाळू नये. तो नसेल तर ‘राइटबॅक’ने सुरू होणारी आणखी एक असंबद्ध ओळही यादीत येते. ‘डर्टी’समोरचा आकडा म्हणजे डिस्कवर जायची वाट पाहणारा मजकूर, आणि ‘राइटबॅक’समोरचा आकडा म्हणजे या क्षणी प्रत्यक्ष उतरत असलेला मजकूर. दोन्ही आकडे केबीमध्ये असतात. मोठी फाइल कॉपी करताना ‘डर्टी’ झपाट्याने वर चढतो आणि मग हळूहळू उतरतो. संगणकावरची इतर कामेही थोडेफार लिहीत असल्याने तो अगदी शून्यावर येईलच असे नाही, पण मोठा आकडा उतरून किरकोळ राहिला की आपली फाइल बहुतांशी पोहोचली, असा अंदाज करता येतो.

हा अंदाजच आहे, हे मात्र आवर्जून सांगतो. खात्री हवी असेल तर ‘सिंक’ ही कमांड द्यावी. साचलेले सगळे लिहून होईपर्यंत ती प्रॉम्प्ट परत देत नाही. त्यानंतर पेनड्राइव्ह रीतसर अनमाउंट करावा आणि मगच ओढून काढावा. दुसऱ्या टर्मिनलवर वॉच चालू ठेवून ‘सिंक’ दिले, तर ती इतका वेळ का घेते आहे हे डोळ्यांसमोर दिसते आणि घाईने पेनड्राइव्ह उपटण्याचा मोह होत नाही.

प्रश्न : मी माटुंग्याच्या एका महाविद्यालयात शिकते. माझा प्रोग्राम रात्रभर चालतो आणि अधूनमधून एक सीएसव्ही फाइल तयार करतो. मी ‘वॉच एलएस *.सीएसव्ही’ असे दिले, पण सुरुवातीला होत्या तेवढ्याच फाइली दिसत राहिल्या. नव्या फाइली तयार होत होत्या, हे दुसऱ्या टर्मिनलवर दिसत होते. मग मोजणीसाठी ‘वॉच एलएस | डब्ल्यूसी -एल’ दिले, तर स्क्रीन कोरीच राहिली. वॉचमध्ये काही दोष आहे का?

उत्तर : दोष वॉचमध्ये नाही, आणि आपल्या निरीक्षणातही नाही. या दोन्ही घटनांचे कारण एकच आहे आणि ते नीट समजून घेतले तर वॉचच नव्हे, शेलच्या इतर अनेक गोष्टी सोप्या होतात.

आपण एंटर दाबता तेव्हा ती ओळ सर्वप्रथम वॉचच्या हाती जात नाही. ती शेलच्या, म्हणजे बहुधा बॅशच्या, हाती जाते. बॅश त्या ओळीतील खास चिन्हांचा अर्थ लावते आणि मगच पुढची कमांड सुरू करते. तारकाचिन्ह दिसताच बॅशने त्या क्षणी फोल्डरमध्ये असलेल्या सीएसव्ही फाइलींची नावे शोधली आणि तारकेच्या जागी ती लिहून टाकली. समजा त्या वेळी तीन फाइली होत्या, तर वॉचला मिळालेली कमांड ‘एलएस’ आणि त्यापुढे त्या तीन फाइलींची नावे एवढीच होती. तारका होती हे वॉचला कळलेच नाही. त्यानंतर ती प्रत्येक वेळी इमानाने त्याच तीन नावांची यादी देत राहिली. त्यातील एखादी फाइल मध्येच हलवली असती, तर ‘अशी फाइल नाही’ हा संदेशही आपल्याला दिसला असता.

दुसऱ्या ओळीत उभ्या रेघेच्या, म्हणजे पाइपच्या बाबतीत तेच झाले. बॅशने पाइपच्या डावीकडे ‘वॉच एलएस’ आणि उजवीकडे ‘डब्ल्यूसी -एल’ असे दोन भाग पाडले. वॉच जे काही स्क्रीनवर रंगवणार होती ते सगळे ‘डब्ल्यूसी’कडे गेले. ‘डब्ल्यूसी’ला ओळी मोजून आकडा द्यायचा असेल तर आधी तिच्याकडे येणारा मजकूर संपावा लागतो, पण वॉच तर स्वतःहून कधी संपत नाही. म्हणून आकडा आला नाही.

उपाय एकच : जे दर वेळी नव्याने घडायला हवे ते सगळे एकेरी अवतरणचिन्हांत ठेवावे.

वॉच -एन ३० 'एलएस *.सीएसव्ही | डब्ल्यूसी -एल'

एकेरी चिन्हांतील मजकुराला बॅश हात लावत नाही, तो जसाच्या तसा वॉचकडे पोहोचतो. वॉच तो प्रत्येक वेळी नव्याने ‘एसएच -सी’कडे सोपवते, आणि मग तारकेचा अर्थ लावणे, पाइप जोडणे ही कामे दर ३० सेकंदांनी ताजी होतात. दुहेरी अवतरणचिन्हे इथे पुरेशी नाहीत. तारका आणि पाइप त्यांतही सुरक्षित राहतात हे खरे, परंतु डॉलरचे चिन्ह राहत नाही. दुहेरी चिन्हांत कंसासह डॉलर लिहून ‘डेट’ कमांड घातली, तर ती वॉच सुरू होण्यापूर्वी एकदाच चालते आणि स्क्रीनवर तीच वेळ गोठून राहते. एकेरी चिन्हांत घातल्यास ती प्रत्येक फेरीत चालते. म्हणून नवशिक्यांनी वॉचसोबत सरसकट एकेरी चिन्हेच वापरावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच अनुषंगाने आणखी दोन अडचणी आपल्याला पुढेमागे येतील, म्हणून त्या इथेच सांगतो. वॉच कमांड चालवते ती ‘एसएच’कडून. उबुंटूवर २००६ पासून ‘एसएच’ म्हणजे बॅश नसून डॅश नावाचे लहान आणि वेगवान शेल आहे. त्यामुळे दुहेरी चौकटी कंसांतील अटी किंवा बॅशचे ॲरे वॉचमध्ये चालत नाहीत. ते आवश्यकच असतील तर ‘बॅश -सी’ असे लिहून त्यापुढे आपली कमांड द्यावी. दुसरी अडचण एलियसची. पुष्कळ जण ‘एलएल’ हे लघुरूप वापरतात. ते आपल्या चालू शेलपुरते असते, वॉचने सुरू केलेल्या शेलला ते ठाऊक नसते आणि ‘कमांड सापडली नाही’ असे उत्तर येते. लघुरूपाऐवजी मूळ कमांड पूर्ण लिहावी. त्याला वळसा घालण्याच्या युक्त्या आहेत, पण ‘-एन’सारखा पर्याय मध्ये आला की त्यातील प्रचलित युक्ती फसते, तेव्हा तिच्या नादी न लागलेले बरे.

प्रश्न : अंधेरीच्या आमच्या कार्यालयात एका सामायिक सर्व्हरवर सर्वांचे फोल्डर आहेत. प्रकल्पाचे फोल्डर किती वाढते आहे हे पाहण्यासाठी आम्ही तिघे-चौघे ‘वॉच डीयू -एसएच’ चालू ठेवतो. सर्व्हर सांभाळणारे सहकारी म्हणतात की त्यामुळे सर्व्हर संथ होतो. एवढ्या साध्या कमांडने हे होऊ शकते का?

उत्तर : होऊ शकते, आणि आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे मनावर घ्यावे. ‘डीएफ’ आणि ‘डीयू’ या दोन कमांडचे उत्तर सारखे दिसते, पण त्यासाठी होणारी मेहनत अगदी वेगळी असते. ‘डीएफ’ फाइल सिस्टिमने आधीच ठेवलेला गोळाबेरजेचा आकडा विचारते आणि क्षणात परतते. ‘डीयू’ मात्र फोल्डरात उतरते, त्यातील प्रत्येक उपफोल्डर उघडते आणि प्रत्येक फाइलचा आकार एकेक करून विचारते. फोल्डरात काही लाख फाइली असतील आणि मध्ये नेटवर्क असेल, तर एका फेरीत तितकीच विचारणा सर्व्हरकडे जाते.

वॉच एक फेरी पूर्ण होण्याआधी दुसरी सुरू करत नाही, त्यामुळे एका माणसाच्या फेऱ्या एकमेकींवर चढत नाहीत, ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब. परंतु ती २ सेकंदांची गणती मागची फेरी संपल्यावर सुरू करते. ‘डीयू’ला ४० सेकंद लागत असतील, तर ४२ सेकंदांपैकी ४० सेकंद सर्व्हर फक्त आपल्यासाठी फाइली मोजत असतो, आणि चौघांनी मिळून तेच केले तर त्याला उसंतच मिळत नाही. काही जण अशा वेळी ‘-पी’ हा अचूक वेळेचा पर्याय देतात. त्याने फेऱ्या ठरलेल्या ठोक्याला सुरू करण्याचा प्रयत्न होतो, म्हणजे कामाला लागलेला वेळ मध्यंतरातून वजा होतो. जड कमांडसाठी हे उलट दिशेचे औषध आहे, कारण मिळत होती तेवढीही विश्रांती त्याने जाते.

माझा आग्रह असा की कोणतीही कमांड वॉचला देण्यापूर्वी ती एकदा ‘टाइम’ लावून चालवून पाहावी आणि किती वेळ लागतो ते मोजावे. मध्यंतर त्याच्या किमान दहापट ठेवावे, आणि सर्व्हर सामायिक असेल तर त्याहूनही अधिक. फोल्डर रोज किती वाढते एवढेच हवे असेल, तर तासातून एकदा पाहिलेलेही पुरते. ते फोल्डर स्वतंत्र व्हॉल्यूमवर असेल, तर ‘डीयू’ सोडून ‘डीएफ’ वापरावे. आणि चौघांनाही तीच माहिती हवी असेल, तर एकानेच ती घेऊन सर्वांना दिसेल अशा फाइलीत लिहावी.

वॉचला ०.१ सेकंदापर्यंतचे मध्यंतर देता येते, म्हणून ते द्यावेच असे नाही. दुसऱ्याच्या वेबसाइटला किंवा कार्यालयाच्या डेटाबेसला सेकंदाला दहा वेळा विचारणे हे कोणत्याही दृष्टीने योग्य नाही. पोस्टग्रेसक्यूएलच्या ‘पीएसक्यूएल’मध्ये आवृत्ती ९.३ पासून वॉचसारखीच पुनरावृत्तीची सोय आहे. तिथे उघडलेली जोडणीच पुन्हा वापरली जाते, म्हणून डेटाबेसवर लक्ष ठेवायचे असल्यास बाहेरून वॉच लावून दर वेळी नवी जोडणी उघडण्यापेक्षा ती सोय वापरावी. ‘व्हीएमस्टॅट’ला तर कमांडपुढे नुसता सेकंदांचा आकडा दिला तरी ती स्वतःच पुनरावृत्ती करते. तिची पहिली ओळ संगणक सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. ‘वॉच व्हीएमस्टॅट’ असे दिल्यास प्रत्येक फेरीत तीच पहिली ओळ नव्याने येते आणि पाहणारा सरासरीलाच आत्ताची स्थिती समजून बसतो.

प्रश्न : मी विलेपार्ल्यात घरून काम करतो. माझ्या मॅकवर वॉच सापडत नाही.

उत्तर : मॅकओएससोबत वॉच येत नाही. होमब्रू वापरत असाल तर ‘ब्रू इन्स्टॉल वॉच’ने ती मिळेल. काही घालायचे नसेल तर शेलचे साधे लूप पुरेसे आहे :

व्हाइल ट्रू; डू क्लिअर; डेट; डीएफ -एच; स्लीप ५; डन

फ्रीबीएसडी वापरणाऱ्यांसाठी एक इशारा : तिथे वॉच नावाची कमांड आहे, पण ती दुसऱ्याच कामाची, म्हणजे एका टर्मिनलवर काय चालले आहे ते दुसऱ्या टर्मिनलवरून पाहण्याची आहे.

प्रश्न : परळ येथील एका संस्थेत मी सर्व्हरच्या लॉगवर लक्ष ठेवते. त्यासाठी ‘वॉच टेल -एन २० ॲप.लॉग’ वापरते. तरीही कधी कधी एखादी चूक लॉगमध्ये असते आणि मला ती स्क्रीनवर दिसलेली नसते. असे का व्हावे?

उत्तर : आपण दर २ सेकंदांनी लॉगच्या शेवटच्या २० ओळी पाहता. दोन फेऱ्यांच्या मध्ये ३० ओळी लिहिल्या गेल्या, तर त्यातील पहिल्या १० आपल्या स्क्रीनवर कधीच येत नाहीत. वॉच सलग पाहत नाही. ती ठरावीक वेळाने डोळे उघडते, त्या क्षणी जे असेल ते दाखवते आणि पुन्हा डोळे मिटते. डिस्कची जागा, फाइलींची संख्या, ‘रेड’ या डिस्कसंचाची पुनर्बांधणी अशा ‘स्थिती’साठी हे योग्य आहे, कारण मधले आकडे चुकले तरी शेवटचा आकडा खरा असतो. लॉग ही स्थिती नसून घटनांची रांग आहे, आणि रांगेतील एकही घटना गळता कामा नये. तिथे वॉच वापरूच नये.

लॉगसाठी ‘टेल -एफ’ आहे. ती प्रत्येक नवी ओळ आल्याबरोबर दाखवते. त्यातही मोठे एफ वापरण्याची सवय ठेवावी. बहुतेक सर्व्हरवर ठरावीक काळाने जुन्या लॉगचे नाव बदलून त्या जागी त्याच नावाची नवी फाइल सुरू केली जाते. छोटे एफ उघडलेल्या जुन्या फाइललाच धरून बसते, त्यामुळे नाव बदलल्यानंतर स्क्रीन शांत होते आणि सर्व काही ठीक आहे असा चुकीचा समज होतो. मोठे एफ नावाचा माग ठेवते आणि नवी फाइल आली की तिच्याकडे वळते. सिस्टमडीच्या नोंदी पाहायच्या असतील तर ‘जर्नलसीटीएल -एफ’ आहे. तिथे छोटे एफच वापरायचे असते.

प्रश्न : बोरीवली ते चर्चगेट प्रवासात मी लॅपटॉपला मोबाइलचे नेटवर्क जोडून कार्यालयाच्या सर्व्हरवर एसएसएचने जातो आणि वॉचवर चालू कामाची प्रगती पाहतो. वाटेत नेटवर्क तुटले की सगळे जाते. वॉचमुळे मोबाइलचा डेटा फार खर्च होतो का, असेही वाटते.

उत्तर : डेटाची चिंता नसावी. वॉच स्क्रीन रंगवण्यासाठी एनकर्सेस ही लायब्ररी वापरते. ती आधीच्या स्क्रीनशी तुलना करून फक्त बदललेली अक्षरे पाठवते, त्यामुळे जेमतेम हलणाऱ्या आकड्यांसाठी खर्च अगदी थोडा होतो.

जोडणी तुटल्यावर सर्व्हरवरील आपले शेल बंद होते आणि त्याने सुरू केलेल्या कमांडना ‘हँगअप’ हा संकेत मिळतो. वॉच बंद पडली तर नुकसान काहीच नाही, पण ज्या कामावर आपण लक्ष ठेवता तेही त्याच जोडणीतून सुरू केले असेल, तर तेही त्याच संकेताने थांबू शकते. म्हणून सर्व्हरवर पोहोचल्यावर सर्वप्रथम ‘टीमक्स न्यू -एस काम’ असे देऊन टीमक्सचे, म्हणजे जोडणी तुटली तरी चालू राहणाऱ्या टर्मिनलचे, सत्र उघडावे आणि मूळ काम व वॉच ही दोन्ही त्याच्या आत सुरू करावीत. नेटवर्क गेले तरी ते सत्र सर्व्हरवर जिवंत राहते. पुन्हा जोडल्यावर ‘टीमक्स अटॅच -टी काम’ दिले की स्क्रीन होती तशी समोर येते. स्वतःहून बाहेर पडायचे असेल तर कंट्रोल व बी एकत्र दाबून सोडावेत आणि मग डी दाबावा. काम सुरू करण्याआधी टीमक्स उघडणे, हा क्रम पाळणे महत्त्वाचे आहे, कारण आधीच बाहेर सुरू झालेले काम नंतर सहजासहजी आत घेता येत नाही.

प्रश्न : मुलुंडच्या आमच्या कंपनीत एका सर्व्हरची डिस्क रात्री कधीतरी भरते आणि सकाळपर्यंत पुन्हा रिकामी होते. मी वॉच लावून घरी जातो, पण सकाळी पाहतो तेव्हा सर्व आकडे नेहमीसारखेच असतात. वॉचचे आउटपुट फाइलीत वळवले, तर त्यात विचित्र चिन्हे येतात. काय करावे?

उत्तर : वॉच जागेवर बसलेल्या माणसासाठी आहे. मागची स्क्रीन ती जपून ठेवत नाही, आणि फाइलीत वळवल्यावर आपल्याला जी चिन्हे दिसली ती स्क्रीनवर कुठे काय रंगवायचे याच्या सूचना आहेत. आपल्याला पाहणे नको, नोंद हवी आहे. त्यासाठी वर दिलेले लूपच थोडे बदलून वापरावे :

व्हाइल ट्रू; डू डेट; डीएफ -एच /डेटा; एलएस -एलटी /डेटा | हेड -एन ६; स्लीप ६०; डन >> /होम/नोंद.टीएक्सटी

यातील ‘/डेटा’ ही भरणारी डिस्क आहे असे धरले आहे. नोंदीची फाइल दुसऱ्या डिस्कवर असणे अत्यावश्यक आहे, नाहीतर ज्या क्षणाची नोंद हवी त्याच क्षणी लिहायला जागा उरणार नाही. ‘एलएस’चा भाग नुकत्याच बदललेल्या फाइली दाखवतो, त्यावरून संशयिताचा माग लागतो. दर मिनिटाला एक याप्रमाणे दिवसाला १,४४० नोंदी होतात. हा मजकूर फार मोठा नाही आणि सकाळी ‘ग्रेप’ने चाळता येतो. हे लूपही टीमक्सच्या सत्रातच चालवावे.

एक शक्यता विशेष लक्षात ठेवावी. ‘डीएफ’ डिस्क भरल्याचे सांगते, पण यादीत कोणतीही मोठी फाइल दिसत नाही, असे झाले तर एखाद्या प्रोग्रामने तात्पुरती फाइल उघडून लगेच पुसलेली असण्याचा संभव असतो. लिनक्सवर फाइल पुसली तरी जोवर कोणी ती उघडी ठेवली आहे तोवर तिची जागा मोकळी होत नाही. तो प्रोग्राम संपला की जागा आपोआप परत मिळते. आपल्या वर्णनातील ‘सकाळपर्यंत पुन्हा रिकामी’ हे लक्षण याच्याशी जुळते. ‘एलएसओएफ +एल१’ ही कमांड अशा पुसलेल्या पण उघड्या फाइली आणि त्यांचे प्रोग्राम दाखवते. तिच्यात एल मोठे हवे आणि ती रूटच्या अधिकाराने चालवावी. लूपमध्ये तीही घालून ठेवावी.

आपण जागे असाल आणि फक्त बदल होण्याची वाट पाहायची असेल, तर वॉचचा ‘-जी’ हा पर्याय फार उपयोगी आहे. आउटपुट बदलताच वॉच संपते, त्यामुळे तिच्यापुढे दोन ‘अँड’ चिन्हे लिहून ‘नोटिफाय-सेंड’सारखी सूचना देणारी कमांड जोडता येते. मात्र जिच्या आउटपुटात वेळ किंवा सतत हलणारा आकडा आहे अशा कमांडला ‘-जी’ लावले, तर ती दुसऱ्याच फेरीत संपेल, म्हणून आधी ‘ग्रेप’ने नेमकी हवी तीच ओळ वेगळी काढावी. कमांड अयशस्वी झाल्यावर थांबायचे असेल तर ‘-ई’ आहे, आणि अशा वेळी नुसता आवाज हवा असेल तर ‘-बी’ आहे.

ही नोंद कायमची ठेवायची ठरली, तर लूप सोडून क्रॉनकडे, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या सोयीकडे, जावे. क्रॉनला एका मिनिटापेक्षा कमी मध्यंतर देता येत नाही, पण सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावरही ते आपोआप कामाला लागते आणि आपल्या गरजेला एक मिनिट पुरेसे आहे. क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या वेळापत्रकाच्या फाइलीत, टक्क्याचे चिन्ह लिहायचे असेल, उदाहरणार्थ ‘डेट’ला तारखेचा साचा देताना, तर त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी. ती नसेल तर क्रॉन तिथेच कमांड तोडते, पुढचा भाग कमांडला इनपुट म्हणून देते, आणि नोंदीची फाइल सकाळी रिकामी सापडते.